हिंगणा मतदारसंघाचा २००९ पूर्वीचा इतिहास कसा मांडावा?

प्रश्न : हिंगण्याची शिक्षिका

नमस्कार. हिंगणा तालुक्यातील आमच्या गावाची माहितीपुस्तिका तयार करायचे ग्रामपंचायतीने ठरवले असून त्यातील निवडणुकांचे प्रकरण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अलीकडचा क्रम सरळ आहे. २००९ साली भारतीय जनता पक्षाचे विजय घोडमारे निवडून आले आणि त्यानंतर २०१४, २०१९ व २०२४ अशा सलग तीन निवडणुकांत त्याच पक्षाचे समीर मेघे विजयी झाले. त्यामागे जाऊ लागले की मात्र ‘हिंगणा’ हे नावच निकालांच्या यादीतून नाहीसे होते. माझ्या वडिलांच्या जुन्या मतदार ओळखपत्रावर मागच्या बाजूस विधानसभा मतदारसंघ म्हणून ‘कळमेश्वर’ असे छापलेले आहे. कळमेश्वर गाव आज सावनेर मतदारसंघात मोडते, आणि आमच्या गावापासून ते बरेच लांब आहे.

माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. कळमेश्वर मतदारसंघ रद्द का झाला? त्याचे जुने निकाल हिंगण्याच्या निकालांना जोडून एकच सलग तक्ता करावा का? आणि गावातील वयोवृद्ध मंडळी सांगतात की त्यांच्या आधीच्या पिढीने मध्य प्रदेशाच्या विधानसभेसाठी मतदान केले होते, ते या इतिहासात कोठे बसवावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त तहसील कर्मचारी, काटोल रोड

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जनगणनेच्या आकड्यांत आहे, आणि ते आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहिले की सगळा व्यवहार लख्ख दिसतो.

२००८ पर्यंत आपण ज्या सीमांवर मतदान करत होतो, त्या १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या. त्या वेळी महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती आणि विधानसभेच्या जागा २८८ ठरल्या, म्हणजे एका जागेमागे साधारण पावणेदोन लाख माणसे आली. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १९ लाख ४३ हजारांच्या आसपास होती. भागाकार केला की ११ जागा येतात, आणि जिल्ह्यात तेवढ्याच जागा होत्या. त्यांपैकी उत्तर, पूर्व, दक्षिण, मध्य आणि पश्चिम या पाच जागा शहराच्या, तर काटोल, सावनेर, रामटेक, कामठी, कळमेश्वर आणि उमरेड या सहा ग्रामीण भागाच्या होत्या.

पुढे आणीबाणीच्या काळातील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी गोठवली आणि या सीमा तीस वर्षांहून अधिक काळ जशाच्या तशा राहिल्या. तेवढ्या काळात नागपूर शहर चहूबाजूंनी पसरले. हिंगण्याची एमआयडीसी, वाडी, डिगडोह, नीलडोह, वानाडोंगरी या पट्ट्यात कारखान्यांच्या आधाराने वस्ती दाटत गेली. २००२ च्या परिसीमन (मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या) कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००१ ची जनगणना आधार धरली. राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख झाली होती आणि जागा तेवढ्याच राहणार होत्या, त्यामुळे एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे आली. नागपूर जिल्हा ४० लाख ६७ हजारांवर गेला होता, म्हणून त्याच्या वाट्याला १२ जागा आल्या. महापालिका क्षेत्रात साडेवीस लाख माणसे असल्याने शहराला सहा जागा मिळाल्या आणि दक्षिण-पश्चिम ही जागा नव्याने निर्माण झाली. उरलेल्या वीस लाखांना पुन्हा सहाच जागा आल्या.

ग्रामीण जागांची संख्या बदलली नाही, हे मला येथे सर्वांत महत्त्वाचे वाटते. सहाच्या सहा राहिल्या, पण जिल्ह्यातील वस्तीचा तोल शहराच्या कडेला सरकला होता. त्यामुळे कळमेश्वर मतदारसंघ मोडून त्याचा भाग शेजारच्या जागांत वाटला गेला आणि हिंगण्याच्या नावाने नवी जागा उभी राहिली. याच पुनर्रचनेत विदर्भाच्या एकूण जागा ६६ वरून ६२ वर आल्या. विदर्भातील इतर काही जिल्ह्यांना घट सोसावी लागली आणि नागपूर जिल्ह्याची मात्र एक जागा वाढली, यामागे शहराची व त्याच्या भोवतालची वाढ आहे. विदर्भाच्या चार जागा कमी झाल्याचे मला आजही वाईट वाटते, आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेख असावा असे वाटते.

उत्तर २ : वाडीतील वाचक

वरील हिशेब अगदी बरोबर आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे, सलग तक्ता करू नये.

असा मोह का होतो ते समजण्यासारखे आहे. कळमेश्वरचे शेवटचे आमदार, राष्ट्रवादी काँग्रेसचे रमेश बंग, २००९ मध्ये हिंगण्यातून उभे राहिले आणि घोडमारे यांच्याकडून अगदी थोड्या मतांनी पराभूत झाले. २०१४ आणि २०२४ मध्येही मेघे यांच्यासमोर तेच उमेदवार होते. उमेदवार तोच आणि कार्यकर्तेही बरेचसे तेच असल्यामुळे आमच्याकडील राजकीय मंडळी हिंगण्याला सर्रास ‘जुने कळमेश्वर’ म्हणतात. परंतु मतदार तेच नाहीत. खुद्द कळमेश्वर शहर सावनेरला गेले, आणि तिकडच्या संत्र्या-कपाशीच्या गावांचे मत आता हिंगण्याच्या निकालात धरले जात नाही. उलट आजच्या हिंगण्यात संपूर्ण हिंगणा तालुक्याबरोबर नागपूर ग्रामीण तालुक्याचा काही भाग आहे, आणि आमच्या वाडीसारख्या वस्त्यांचे वजन त्यात फार मोठे आहे. २००४ चा निकाल आणि २००९ चा निकाल एका रांगेत लिहिले, तर लोकांनी मत बदलले असे वाचणाऱ्याला वाटेल. मत बदलले असेलही, पण मतदारांचा समूहच बदलला असताना या दोन निकालांवरून ते सिद्ध करता येणार नाही.

म्हणून इतिहास गावाचा लिहावा, मतदारसंघाच्या नावाचा नव्हे. परिसीमन आदेशात प्रत्येक मतदारसंघाची व्याप्ती तालुका, महसूल मंडळ आणि नगरपालिका यांच्या नावांनी दिलेली असते. आपले गाव ज्या महसूल मंडळात येते ते तलाठी कार्यालयातून निश्चित करून घ्यावे आणि १९७६ व २००८ या दोन्ही आदेशांत ते कोठे ठेवले आहे, हे पाहावे. त्या त्या काळात मंडळांची रचना वेगळी असू शकते, तेव्हा केवळ आजच्या नावावर विसंबू नये.

आणखी एक बाब नोंदवावीशी वाटते. हिंगणा शहराला इतके लागून असूनही लोकसभेला आपण नागपूरला मत देत नाही, रामटेकला देतो. नागपूर लोकसभेत फक्त शहरातील सहा मतदारसंघ आहेत. उरलेले सहाही रामटेकमध्ये आहेत, आणि २००९ पासून तो मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. एमआयडीसीच्या फाटकासमोर राहणारा कामगार आणि पेंचच्या जंगलाकडील शेतकरी एकाच खासदाराला मत देतात. दोघांचे प्रश्न इतके वेगळे आहेत की आमच्या भागाच्या प्रतिनिधित्वाचा विचार करताना हे नजरेआड करून चालणार नाही.

उत्तर ३ : कामठीतील जुने रहिवासी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण आमच्या कामठीकडे पाहिल्यावर तो अधिक चांगला उलगडतो.

आपल्या वृद्धांचे म्हणणे खरे आहे. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा नागपूर जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती, त्यामुळे आपल्या भागातून निवडून गेलेले आमदार नागपुरातच बसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि १९५७ चे मतदान द्विभाषिक मुंबई राज्यासाठी झाले. त्या काळी काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते आणि तेथील मतदार दोन मते देत. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाल्यानंतर १९६२ साली राज्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा एकूण जागा २६४ होत्या. म्हणजे अकरा वर्षांच्या आत एकाच घरातील माणसांनी घर न सोडता तीन राज्यांच्या विधानसभांसाठी मत दिले.

याच्याही मागे जायचे असेल तर १९३७ साल विसरू नये. १९३५ च्या कायद्याखाली मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या विधानसभेसाठी मतदान झाले, त्या वेळी नागपूर-कामठी मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबू हरदास एल. एन. निवडून आले होते. कामठीत जन्मलेले, विडी कामगारांना संघटित करणारे आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे हे नेते १९३९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. तेव्हा मताचा अधिकार सर्वांना नव्हता, मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट होती. ही बाब पुस्तिकेत आवर्जून सांगावी, म्हणजे १९५२ साली गावातील प्रत्येक प्रौढाला मत मिळाले त्याचे मोल नव्या पिढीला कळेल.

आमच्या कामठीचे नाव २००८ नंतरही टिकले, पण नाव टिकले म्हणून सीमा टिकली असे नाही. आज हा मतदारसंघ कामठी आणि मौद्यापासून शहराला वळसा घालून दक्षिणेला बेसा-बेलतरोडीपर्यंत येतो. हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत गेले तरी विधानसभेला ते कामठीतच आहे, कारण महापालिकेची हद्द वाढली म्हणून मतदारसंघाची रेषा आपोआप हलत नाही. तेथील माणूस नगरसेवक नागपूरचा निवडतो आणि आमदार कामठीचा. २००४ पासून कामठीचे नाव चंद्रशेखर बावनकुळे यांच्याशी जोडले गेले आहे. २०१९ ला टेकचंद सावरकर आले तो अपवाद सोडला तर दर वेळी तेच निवडून आले. पण २००४ चा त्यांचा कामठी आणि २००९ चा कामठी यांच्याही सीमा एक नाहीत.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आता प्रकरणाचे चार भाग करते : १९६२ पूर्वीचा काळ, १९६२ ते १९७६, जुन्या सीमांवरील १९७८ ते २००४, आणि २००९ नंतरचा हिंगणा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आमचे गाव त्या वेळी कोणत्या मतदारसंघात होते ते आदेशावरून लिहीन आणि निकाल त्याखाली स्वतंत्रपणे देईन. २००९ पासूनचे केंद्रनिहाय निकाल नमुना २० मध्ये मिळतात, तेव्हा त्या काळापुरते आमच्या गावाच्या केंद्रावरील मतदानही देता येईल. जुन्या निवडणुकांसाठी मात्र मतदारसंघाच्या एकूण आकड्यांवरच थांबावे लागेल असे दिसते.

उत्तर ४ : वाडीतील वाचक

विभागणी योग्य आहे. केंद्रनिहाय आकडे देताना एवढी काळजी घ्यावी की मतदान केंद्रांचे क्रमांक आणि यादीचे भाग दर निवडणुकीत बदलू शकतात. २०१४ चे केंद्र आणि २०२४ चे केंद्र एकाच क्रमांकाचे असले तरी गल्ल्या त्याच असतील असे गृहीत धरू नये, मतदार यादीच्या पहिल्या पानावर त्या भागातील वस्त्यांची नावे असतात ती जुळवून पाहावीत. आणि जागांची सध्याची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, तेव्हा चौथ्या भागाच्या शेवटी काही पाने कोरी ठेवायला हरकत नाही. वाडी, वानाडोंगरी आणि बुटीबोरी ज्या वेगाने वाढत आहेत, ते पाहता पुढच्या पुनर्रचनेत हिंगण्याची आजची सीमा टिकणे मला कठीण दिसते.