नवा ब्राउझर वापरून पाहतोय. कायमचा बदलावा की नाही हे कशावरून ठरवायचं?

तिसरी_खिडकी
विंडोज ११, रॅम ८ जीबी, सध्या क्रोम. एका वेळी ३०-४० टॅब उघडे असतात. साडेतीनशेच्या आसपास पासवर्ड, सगळे क्रोममध्येच साठवलेले; चार-पाच ठिकाणी पासकी (पासवर्डऐवजी लॉगिनसाठीची डिजिटल किल्ली). बुकमार्क हजाराच्या वर. जाहिराती अडवणारं जुनं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) युब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये चालत नाही, म्हणून फायरफॉक्स, ब्रेव्ह आणि विवाल्डी हे तिन्ही उतरवून घेतले आहेत.

दोन-दोन तास वापरले. तिन्ही बरे वाटतात, पण तेवढ्यावर निर्णय घ्यावासा वाटत नाही. चाचणी नेमकी कशाची घ्यायची, किती दिवस, आणि सामान हलवताना काय मागे राहतं? रॅम कमी कोण खातं हेही कळलं तर हवंच आहे.

गेको_की_ब्लिंक
मेनू आणि रंगरूप बाजूला ठेवा, आधी इंजिन बघा. क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा हे सगळे क्रोमियम या गूगलच्या खुल्या कोडवर बांधलेले. पान रंगवणारं इंजिन सगळ्यांचं एकच, ब्लिंक. फायरफॉक्सचं गेको वेगळं आणि सफारीचं वेबकिट वेगळं. म्हणजे ब्रेव्ह किंवा विवाल्डीवर गेलात तर साइट आत्ता चालतात तशाच चालतील, एक्स्टेन्शनही क्रोमच्याच स्टोअरमधून घेता येतील. तिथे तपासायचं ते ब्लॉकर, सिंक (सगळ्या उपकरणांवर तेच बुकमार्क-पासवर्ड ठेवणं), टॅबची मांडणी एवढंच. फायरफॉक्समध्ये इंजिनच बदलतं, त्यामुळे त्याला जास्त दिवस द्या.

तुमच्या ब्लॉकरचं कारणही इथेच आहे. मॅनिफेस्ट म्हणजे एक्स्टेन्शनला काय करता येईल हे ठरवणारी नियमावली. तिच्या जुन्या व्ही२ मध्ये एक्स्टेन्शनला प्रत्येक विनंती जाण्याआधी अडवून तपासता यायची. व्ही३ मध्ये एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची आणि अडवाअडवी ब्राउझरने करायची. युब्लॉक ओरिजिन लाइट या पद्धतीवर चालतं आणि साध्या जाहिरातींना ते पुरतं, पण प्रत्येक साइटसाठी तिथल्या तिथे नियम बदलण्याची जुनी सोय त्यात नाही. फायरफॉक्सने व्ही२ ची अडवण्याची पद्धत कायम ठेवली आहे, म्हणून तिथे पूर्ण युब्लॉक ओरिजिन चालतं. शिवाय काही ट्रॅकर डीएनएसमधल्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) सीनेम नोंदीमागे, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदीमागे, लपून मूळ साइटचाच भाग असल्यासारखे येतात. तेही फायरफॉक्समध्ये उघडे पाडता येतात, कारण तिथे एक्स्टेन्शनला डीएनएस बघू दिलं जातं. ब्रेव्ह आणि विवाल्डीत ब्लॉकर ब्राउझरच्या आतच बसवलेला आहे, त्याला व्ही३ लागू होत नाही. तोच पुरत असेल तर एक्स्टेन्शनचा प्रश्नच उरत नाही.

तिन्ही एकदम चालवू नका. एक निवडा आणि किमान दोन आठवडे तोच डीफॉल्ट ठेवा. डीफॉल्ट न करता केलेली चाचणी खरी नसते, कारण मेलमधली किंवा चॅटमधली प्रत्येक लिंक जुन्यातच उघडते आणि पाऊल परत तिकडेच वळतं. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, त्यात ब्राउझरचं नाव निवडून वरचं "सेट डीफॉल्ट". पीडीएफची नोंद तिथेच खाली स्वतंत्र असते, ती बहुधा जुन्यावरच राहते. हवी असेल तर हातानेच बदला.

या दोन आठवड्यांत एक साधी टिपण फाइल ठेवा. जेव्हा जेव्हा जुना ब्राउझर उघडावा लागेल तेव्हा तारीख, साइट आणि कारण लिहा. "सवय" हे कारण वेगळं आणि "चाललंच नाही" हे वेगळं. सवयीच्या नोंदी दुसऱ्या आठवड्यात आपोआप कमी होतात. न चालण्याच्या नोंदी होत नाहीत, आणि निर्णय त्यांच्यावरच घ्यायचा.

पासकीची_चावी
सामान हलवण्याबद्दल. इथेच सगळ्यात जास्त गोची होते, म्हणून क्रमाने.

बुकमार्क सोपे आहेत. एचटीएमएल फाइलमध्ये निर्यात करा, नव्यात आयात करा. ही फाइल सगळे ब्राउझर वाचतात. आयात दोनदा करू नका, हजार बुकमार्कांचे दोन हजार होतात आणि नंतर निस्तरणं जिवावर येतं.

पासवर्ड सीएसव्हीने (साध्या मजकुराच्या तक्त्याची फाइल) न्या. थेट आयातीवर विसंबू नका: क्रोमने २०२४ मध्ये, १२७ व्या आवृत्तीपासून, विंडोजवर ॲप-बाउंड एन्क्रिप्शन आणलं. सुरुवात कुकीजपासून (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या नोंदी) झाली. उद्देश असा की दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला हा डेटा उलगडता येऊ नये. चोरी करणाऱ्या मालवेअरला ते अडवतं, तसं आयात करणाऱ्या ब्राउझरलाही अडवू शकतं. तेव्हा क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये सेटिंग्ज, तिथून निर्यात. ही फाइल उघड्या मजकुराची असते. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये चुकूनही उतरवू नका; डेस्कटॉपही अनेकदा वनड्राइव्हला जोडलेला असतो. आयात झाली की शिफ्ट+डिलीटने उडवा, म्हणजे रीसायकल बिनमध्ये राहणार नाही.

आयातीनंतर आकडा ताडून बघा. ३५० पाठवले आणि ३३० पोचले तर उरलेले बहुधा अँड्रॉइड ॲपचे असतात. त्यांच्या नोंदीत वेबपत्ता नसतो, "अँड्रॉइड" ने सुरू होणारी ओळख असते. पासवर्डला जोडलेल्या टिपाही सगळे ब्राउझर उचलत नाहीत. त्यात रिकव्हरी कोड ठेवले असतील तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

पासकी या सीएसव्हीमध्ये येतच नाहीत. त्या कुठे साठवल्या आहेत हे प्रत्येक खात्यासाठी बघावं लागेल. विंडोज हॅलोमध्ये (विंडोजची पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय) असतील तर त्या विंडोजच्या ताब्यात असतात. त्याच मशीनवर फायरफॉक्स, ब्रेव्ह, विवाल्डी सगळ्यांत चालतील. गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये असतील तर नव्या ब्राउझरला त्या दिसतील असं धरून चालू नका. मार्ग दोन: लॉगिन करताना "दुसरं उपकरण" निवडून फोनने क्यूआर कोड स्कॅन करा (दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागतं), किंवा एकदा आत शिरून त्या खात्यात दुसरी पासकी विंडोज हॅलोवर तयार करा. दुसरा मार्ग कायमचा, तोच बरा. जुनी पासकी लगेच काढू नका.

कुकीज येणार नाहीत, म्हणजे प्रत्येक साइटवर नव्याने लॉगिन. त्यासाठी एक निवांत तास ठेवा आणि फोन हाताशी असू द्या, ओटीपीसाठी. कॅमेरा, माइक, नोटिफिकेशन यांच्या परवानग्याही नव्याने द्याव्या लागतात. ते एका अर्थी चांगलंच, जुना गाळ निघतो.

तिसरी_खिडकी
पासकीचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्सची रॅम क्रोमच्या निम्मी दिसते. हा आकडा धरून चालू का?

मोजून_मापून
इतक्यात नको. फायरफॉक्स मागचं सत्र परत उघडतो तेव्हा ४० टॅब पट्टीवर दिसतात, पण ज्यावर क्लिक कराल तेच पान लोड होतं. बाकीचे नुसते शीर्षकाचे असतात. समोर क्रोममध्ये दिवसभर चाललेले ४० टॅब असले तर ती तुलनाच नाही.

नीट मोजायचं तर असं करा. दोन्हींत नवं, कोरं प्रोफाइल. एक्स्टेन्शन एकही नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स, तिथे मेमरी सेव्हर (न वापरलेले टॅब निजवून रॅम सोडणारी सोय) बंद. रोजची दहा पानं दोन्हींत उघडा आणि प्रत्येक टॅबवर एकदा तरी जा. दहा मिनिटं थांबा, मग टास्क मॅनेजरमध्ये त्या ब्राउझरच्या पूर्ण गटाची बेरीज बघा, एका प्रोसेसची नव्हे. दोन्ही ब्राउझर वेगवेगळ्या वेळी चालवा; ८ जीबीत एकाचा दाब दुसऱ्याच्या आकड्यावर येतो. मग तेच रोजच्या एक्स्टेन्शनसह पुन्हा मोजा. फरक बहुधा इथे दिसतो, आणि तो ब्राउझरचा कमी, एक्स्टेन्शनचा जास्त असतो.

कोणता टॅब खातोय हे कळायला क्रोमियमवाल्यांत शिफ्ट+एस्केप, फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारमध्ये "अबाउट:प्रोसेसेस" (अर्थात इंग्रजी अक्षरांत). ८ जीबीवर ४० टॅब ठेवायचे तर कोणत्याही ब्राउझरमध्ये निजलेले टॅब लागणारच. फायरफॉक्सच्या १४० व्या आवृत्तीपासून टॅबवर राइट क्लिक करून तो अनलोड करता येतो. पान पट्टीवर राहतं, रॅम सुटते.

वेगासाठी स्पीडोमीटर ३ ही ब्राउझरमध्येच चालणारी वेगचाचणी चालवा. हे मार्च २०२४ मध्ये आलं आणि ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला यांनी मिळून केलेलं आहे, त्यामुळे एका बाजूला झुकलेलं नाही. लॅपटॉप चार्जरला लावून तीनदा चालवा आणि मधला आकडा धरा. दोघांत पाच-सात टक्क्यांचा फरक निघाला तर तो सोडून द्या, रोजच्या कामात जाणवणार नाही.

स्क्रोल करताना अडखळत असेल तर ब्राउझरला नावं ठेवण्याआधी हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बघा. फायरफॉक्समध्ये "अबाउट:सपोर्ट" पानावर कंपोझिटिंग या ओळीत वेबरेंडर एवढंच हवं. त्यापुढे कंसात सॉफ्टवेअर लिहिलं असेल तर सगळं काम प्रोसेसरवर पडतंय. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा.

शुक्रवारचा_पॅच
वरच्या एका गोष्टीत भर घालतो. क्रोमियमवर आधारलेला ब्राउझर निवडताना तो किती लवकर अपडेट देतो हे बघणं ब्लॉकरपेक्षाही महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०२३ पासून क्रोम दर आठवड्याला सुरक्षा अपडेट देतं. क्रोमियमचा कोड खुला असल्यामुळे दुरुस्ती त्यात आली की भोक नेमकं कुठे होतं हे जगाला दिसतं. त्यावर बेतलेल्या ब्राउझरने तीच दुरुस्ती द्यायला तीन आठवडे लावले तर तेवढे दिवस तुम्ही उघड्यावर. अबाउट पानावर क्रोमियमची आवृत्ती दिसते, ती त्या दिवशीच्या क्रोमशी ताडा. दोन आठवड्यांत चार वेळा ताडा. ब्रेव्ह आणि विवाल्डीच काय, उद्या मोहात पाडणारा कुठलाही नवा ब्राउझर आला तरी ही कसोटी लावा.

सिंकबद्दलही एक. मार्च २०२१ पासून गूगलने आपली सिंक सेवा इतर क्रोमियम ब्राउझरांना बंद केली आहे. त्यामुळे ब्रेव्ह, विवाल्डीचं सिंक त्यांचं त्यांचं असतं आणि फोनवरही तोच ब्राउझर घ्यावा लागतो. फायरफॉक्सचं सिंक मुळातच एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे सर्व्हरवाल्यांनाही ते वाचता येत नाही. म्हणून खात्याचा पासवर्ड विसरून रीसेट केलात आणि रिकव्हरी की नसेल, तर सर्व्हरवरचा साठा जातो. ती की पहिल्याच दिवशी काढून कागदावर लिहून ठेवा.

फोन अँड्रॉइड असेल तर फायरफॉक्समध्ये पूर्ण युब्लॉक ओरिजिन चालतं, हा मोठा फायदा. आयफोनवर, युरोपीय संघासारखे अपवाद सोडले तर, सगळे ब्राउझर आतून वेबकिटच असतात. तिथे इंजिनची चर्चा लागूच होत नाही.

तिसरी_खिडकी
फोन अँड्रॉइड आहे, तर फायरफॉक्सपासून सुरुवात करतो. एखादी साइट चाललीच नाही तर काय करायचं?

गेको_की_ब्लिंक
आधी ॲड्रेस बारमधल्या ढालीच्या चिन्हावरून त्या साइटपुरतं ट्रॅकिंग संरक्षण बंद करून बघा. मग युब्लॉक त्या साइटपुरतं बंद. तरीही नाही तर हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोड. त्यात सगळी एक्स्टेन्शन बंद असतात. तिथे चालली तर दोष बहुधा एक्स्टेन्शनचा, एकेक चालू करत शोधा. तिथेही नाही चालली तर मेनूमधून तुटलेल्या साइटची तक्रार नोंदवा आणि तेवढ्यापुरता क्रोम वापरा. जिथे साइटला यूएसबी किंवा ब्लूटूथवरच्या उपकरणाशी थेट बोलायचं असतं, तिथे मात्र हा खटाटोप करू नका. वेबयूएसबी आणि वेब ब्लूटूथ फायरफॉक्सने घेतलेलेच नाहीत, सुरक्षेच्या कारणावरून. त्या कामाला क्रोमियमच लागेल.

व्हिडिओ सेवाही पहिल्या दोन दिवसांतच तपासा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएम (चित्रफितीची नक्कल रोखणारं कुलूप) चालू आहे ना, तेही बघा. काही सेवा ब्राउझर बघून रिझोल्युशन ठरवतात, तेव्हा एकच चित्रफीत दोन्हींत लावून बघा.

पासकीची_चावी
आणि दोन आठवड्यांनी मन बसलं तरी क्रोम लगेच अनइन्स्टॉल करू नका. पासकी असलेल्या त्या चार-पाच खात्यांत नव्या ब्राउझरमधून, क्रोम बंद ठेवून, एकदा बाहेर पडून परत आत जाऊन दाखवा. सगळी उघडली की मगच.