ई-कॉमर्समधलं एमबीए : कॅप आणि कर्ज

एमबीएला कॅप फेरी (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) टाळून थेट संस्थास्तरावर प्रवेश घेतला तर काय बिघडतं, असं अनेक जण विचारतात. खूप बिघडतं! राज्य सरकारच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत मुलग्यांना निम्मं शिक्षणशुल्क मिळतं (मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण), पण कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो, म्हणून तो आधीच काढून ठेवा.

कर्जाचं म्हणाल तर देशातल्या शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंत बँका सहसा विद्यार्थ्याचा स्वतःचा हिस्सा मागत नाहीत, त्यापुढे ५ टक्के. शिकतानाचं व्याज जमेल तसं भरत राहा, नाहीतर ते मुद्दलात मिसळून हप्ता फुगतो. व्याजावरची प्राप्तिकर सवलत (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०ई) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

आणि ई-कॉमर्स स्वतंत्र अभ्यासक्रम आहे की दुसऱ्या वर्षीचे दोन-चार ऐच्छिक विषय, हे कॉलेजकडून लेखी घ्या.