कन्सोलची ‘कामगिरी’, ‘कार्यक्षमता’ की ‘क्षमता’?

विचारणा

गेल्या दहा-बारा वर्षांतील गेम कन्सोलांचा आढावा घेणारा एक इंग्रजी लेख मी एका मासिकासाठी मराठीत आणत आहे. त्यात एक्सबॉक्स वनविषयी एक वरवर साधे वाक्य आहे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१४ मध्ये डायरेक्टएक्स १२ ची घोषणा केली, तेव्हा या नव्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमुळे कन्सोलचा ‘परफॉर्मन्स’ सुधारेल, अशी आशा अनेकांना वाटू लागली, असा त्याचा आशय. मी ‘कन्सोलची कामगिरी सुधारू शकेल’ असे लिहिले. संपादकांनी ‘कामगिरी माणसाची असते, यंत्राची नव्हे’ असा शेरा मारून ‘कार्यक्षमता वाढेल’ असा बदल केला. मुद्रिते हाती आली तेव्हा मथळ्यात ‘नव्या सॉफ्टवेअरने कन्सोलची क्षमता वाढणार’ असे झळकत होते. तीन हातांतून गेलेल्या वाक्यात तीन शब्द आले आणि मूळची ‘कदाचित’ची छटा वाटेतच गळाली. यातला कोणता शब्द योग्य, की तिन्ही चालतील?

प्रतिसाद १

तिन्ही चालणार नाहीत, आणि मथळ्यातला तर मुळीच नाही. मी खेळांच्या ग्राफिक्सवर काम करतो, म्हणून आधी वस्तुस्थिती सांगतो. शब्द त्यातूनच निवडावा लागेल.

‘क्षमता’ म्हणजे यंत्रात मुळात किती बळ आहे ते. नोव्हेंबर २०१३ मध्ये विक्रीस आलेल्या एक्सबॉक्स वनच्या ग्राफिक्स चिपची क्षमता १.३१ टेराफ्लॉप्स (म्हणजे सेकंदाला १.३१ लाख कोटी हिशेब), तर त्याच महिन्यात आलेल्या प्लेस्टेशन ४ ची १.८४ टेराफ्लॉप्स होती. हे आकडे चिपमधील गणन-घटकांची संख्या आणि चिपचा ठोका (क्लॉक, म्हणजे तिच्या कामाची गती) यांवरून निघतात. कन्सोल एकदा घरी आला की कोणतेही सॉफ्टवेअर त्यात नवे घटक पेरू शकत नाही. ‘क्षमता वाढवली’ हे वाक्य खरे ठरले, असा एक प्रसंग मात्र आहे. विक्री सुरू होण्यापूर्वी, २०१३ च्या उन्हाळ्यात, मायक्रोसॉफ्टने या चिपचा ठोका ८०० मेगाहर्ट्झवरून ८५३ वर नेला. तिथे ‘क्षमता वाढली’ असे म्हणणे रास्त, कारण जास्तीत जास्त किती काम होऊ शकेल ती मर्यादाच वर सरकली.

दुसरा प्रसंग याहून नाजूक आहे. सुरुवातीला या कन्सोलच्या ग्राफिक्स चिपचा सुमारे १० टक्के वेळ किनेक्ट कॅमेऱ्यासाठी आणि यंत्रणेच्या कामांसाठी राखून ठेवलेला असे. जून २०१४ मध्ये आलेल्या विकसन-साधनांनी ही राखीव जागा खेळांना वापरू दिली. हा बदल निव्वळ सॉफ्टवेअरचा होता आणि त्याचा लाभही झाला, परंतु क्षमता एका कणानेही वाढली नाही. अडवून ठेवलेली होती ती मोकळी झाली. घरातली बंद खोली उघडली म्हणजे घर मोठे होत नाही, राहायला जागा होते.

आता ‘कार्यक्षमता’. यंत्राला जे दिले त्यातले किती कामी आले, याचे हे गुणोत्तर आहे. डायरेक्टएक्स १२ चा खरा दावा या शब्दाशी जुळतो. समजा, खेळात बाजारपेठेचे दृश्य आहे: शंभर दुकाने, त्यांची छते, फळ्या, पाट्या, टोपल्या, टोपल्यांतली फळे. यांतल्या बहुतेक वस्तूंसाठी मुख्य प्रोसेसर ग्राफिक्स चिपला स्वतंत्र आज्ञा देतो: ही टोपली काढ, तिला वेताचा पोत लाव, उजेड डावीकडून घे. अशा हजारो आज्ञा एका चित्रचौकटीसाठी (फ्रेमसाठी) जातात, आणि सेकंदाला ३० चौकटी दाखवायच्या तर एकीसाठी ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० दाखवायच्या तर १७ सुद्धा नाहीत. जुन्या पद्धतीत यातली बरीचशी रांग प्रोसेसरच्या एकाच धाग्यावरून (थ्रेडवरून, म्हणजे कामाच्या एकाच ओळीतून) जाई आणि मधला ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारे सॉफ्टवेअर, प्रत्येक आज्ञा तपासत, सांभाळत बसे. पंगतीत वाढपी दहा उभे आहेत, परंतु कोणाच्या पानात काय वाढायचे हे सांगणारा एकच, आणि तोही प्रत्येक वेळी यादी उघडून पाहणारा, तशी ती अवस्था होती. नव्या पद्धतीत अनेक धागे आपापल्या आज्ञांच्या याद्या एकाच वेळी तयार करतात आणि मधली तपासणी बरीच कमी होते. अर्थात तिचा भार नाहीसा होत नाही, तो खेळ लिहिणाऱ्यांच्या अंगावर येतो, आणि ही तक्रार आम्ही आजही करतो.

या मधल्या भाराला इंग्रजीत ‘ओव्हरहेड’ म्हणतात. आम्ही कचेरीत तोच शब्द वापरतो, पण मराठीत ‘वरखर्च’ हा इतका नेमका शब्द असताना लेखात तो का वापरू नये, हे मला कळत नाही. ‘डायरेक्टएक्स १२ ने आज्ञा देण्यातला वरखर्च कमी केला’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्यालाही कळते.

राहिली ‘कामगिरी’. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शेवटी जे दिसते, ती कामगिरी. आणि इथेच मूळ लेखातली आशा फसली. विंडोजच्या संगणकांवर असंख्य प्रकारच्या चिपांना सांभाळावे लागते, म्हणून तिथे वरखर्च मोठा होता. कन्सोलवर यंत्र एकच ठरलेले असल्याने एक्सबॉक्स वनवरची डायरेक्टथ्रीडीची (डायरेक्टएक्समधल्या चित्र रेखाटणाऱ्या भागाची) खास आवृत्ती आधीपासूनच काटकसरीची होती. त्यामुळे डायरेक्टएक्स १२ ने संगणकावर जेवढा फरक पडला, तेवढा या कन्सोलवर पडण्यासारखा नव्हताच. एक्सबॉक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनीही, यामुळे कन्सोलच्या ग्राफिक्समध्ये प्रचंड बदल होणार नाही, हे जाहीरपणे सांगितले होते.

म्हणजे क्षमता होती तेवढीच राहिली, कार्यक्षमता काही अंशी वाढली आणि कामगिरीतला फरक खेळागणिक वेगळा पडला. एका ‘परफॉर्मन्स’ने हे तिन्ही झाकले जाते, मराठीत ते उघडे पडते. ही मला मराठीची अडचण वाटत नाही, सोय वाटते.

प्रतिसाद २

आपल्या संपादकांचा आक्षेप निराधार नाही, परंतु तो अर्ध्यावर थांबलेला आहे. ‘कामगिरी’ या शब्दातला ‘गिरी’ हा फारसीतून आलेला प्रत्यय ‘मुलुखगिरी’, ‘शिपाईगिरी’ यांतलाच. कोणाला ‘कामगिरीवर पाठवणे’, कोणी ‘कामगिरी फत्ते करणे’ या प्रयोगांत सोपवणारा एक आणि पार पाडणारा दुसरा असतो, म्हणून तो शब्द माणसाला चिकटलेला वाटतो. मात्र भाषेने त्याला कधीच सैल केले आहे. फलंदाजाची कामगिरी, बोर्डाच्या निकालातली शाळेची कामगिरी, शेअर बाजारातल्या समभागांची कामगिरी, नव्या मोटारीच्या इंजिनाची कामगिरी, हे सगळे आपण रोज वाचतो. समभागाला कामगिरी असू शकते तर कन्सोलने काय घोडे मारले आहे?

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. मला इथे नामच नको वाटते. इंग्रजी लेखनाचा ओढा नामाकडे असतो आणि आपणही त्या सवयीने नामाला नाम शोधत बसतो. खेळणारी मुले काय बोलतात ते ऐका. ‘गेमचा परफॉर्मन्स चांगला आहे’ असे ती फारसे म्हणत नाहीत. ‘गेम मस्त पळतो’, ‘मध्येच अडकतो’, ‘लॅग होतोय’, ‘गर्दी आली की हँग होतो’ असे म्हणतात. माझा भाचा एकदा शर्यतीचा खेळ खेळताना म्हणाला, ‘मामा, वळणावर गाडी नाही घसरत, गेम घसरतो.’ म्हणजे चौकटींचा वेग त्या वळणावर पडत होता आणि त्याने त्यासाठी क्रियापद शोधले होते.

तेव्हा ‘नव्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमुळे या कन्सोलवर खेळ अधिक सुरळीत चालतील’ असे क्रियापदाने लिहिले तर तिन्ही नामांचा तंटा मिटतो. फक्त एक पथ्य पाळावे लागते. क्रियापद वापरले की काय सुधारले ते सांगावेच लागते: चौकटी भरभर आल्या, की त्या एकसारख्या अंतराने आल्या, की चित्र अधिक बारकाव्याचे झाले? ज्याला हे ठाऊक नाही त्याने ‘कामगिरी’ म्हणून वेळ मारून न्यावी.

प्रतिसाद ३

‘कदाचित’ची छटा कुठे गळाली याचे उत्तर कोणी दिलेले नाही. दोष काही अंशी ‘शकेल’चा आहे. ‘तो पोहू शकेल’ यात सामर्थ्य आहे, ‘उद्या पाऊस पडू शकेल’ यात शक्यता आहे, आणि ‘सॉफ्टवेअर कामगिरी सुधारू शकेल’ यात वाचकाला दोन्ही वाटतात. सॉफ्टवेअर हा कर्ता असल्याने सामर्थ्याचा अर्थ वरचढ ठरतो. संपादकांनी तसाच तो वाचला असावा. मग ‘शकेल’ हे फाजील वाटून काढून टाकले गेले. (हे ‘असावा’ पाहा: मला खात्री नाही, हे एका प्रत्ययाने कळले.) ‘खेळ अधिक सुरळीत चालावेत, असा अंदाज तेव्हा व्यक्त होत होता’ असे लिहिल्यास शक्यता कोणाच्या मनातली होती हेही कळते, आणि मुद्रितशोधकाला ती खोडता येत नाही.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

आभारी आहे. ‘वरखर्च’ लगेच उचलला. आता पुढची अडचण सांगतो. लेखाच्या उत्तरार्धात नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ प्रो आणि जून २०२५ मध्ये आलेला निन्टेन्डो स्विच २ आहेत. पहिल्यात सोनीचे पीएसएसआर आणि दुसऱ्यात एनव्हिडियाचे डीएलएसएस या तंत्रांनी खेळ कमी ठिपक्यांत (पिक्सेलांत) रेखाटून पडद्यावर जास्त ठिपक्यांत दाखवता येतो. या ‘अपस्केलिंग’ला मी ‘चित्र ताणणे’ असे लिहिले. आता वाटते की त्यात थोडी निंदा आहे. शिवाय इथे ‘कामगिरी सुधारली’ म्हणावे का? यंत्र तर कमीच काम करत आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

निंदा आहे, आणि एका जागी ती योग्यही आहे. एक्सबॉक्स वनवरचे अनेक खेळ १६०० गुणिले ९०० ठिपक्यांत, म्हणजे १४ लाख ४० हजार ठिपक्यांत रेखाटले जात आणि २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांच्या पडद्यावर पसरवले जात. उरलेले सव्वासहा लाखांहून अधिक ठिपके शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून भरायचे. त्याला ‘ताणणे’च म्हणावे, चार ओळींची रांगोळी सहा ओळींच्या अंगणावर ओढून बसवली की रेघ पुसट होते, तसे ते चित्र मऊ दिसे.

नवी तंत्रे तसे करत नाहीत. ती मागच्या काही चौकटींमधले ठिपके आठवणीत ठेवतात, कोणती वस्तू कुठून कुठे सरकली याची नोंद खेळाकडून घेतात आणि भरपूर चित्रांवर शिकवलेल्या जाळ्याच्या (न्यूरल नेटवर्कच्या) साहाय्याने राहिलेला भाग भरतात. पाठमोऱ्या माणसाच्या सदऱ्यावरची जाळीची वीण कमी ठिपक्यांत एका चौकटीत अर्धवट येते, पुढच्या चौकटीत दुसरा अर्धा येतो. दोन्ही जुळवून ती पुरी होते. जुळवणी चुकली तर हलत्या वस्तूच्या मागे भुतासारखी पुसट सावली राहते. याला ‘चित्र ताणणे’ म्हणणे अन्यायाचे होईल. मी ‘चित्रपूर्ती’ सुचवतो, आणि जिथे शैली परवानगी देईल तिथे ‘रफू’. रफू करणारा कारागीर तरी काय करतो? आजूबाजूच्या धाग्यांवरून वीण ओळखतो आणि नसलेले कापड असल्यासारखे दाखवतो.

कामगिरीबद्दल म्हणाल तर तो शब्द इथेच सर्वांत चपखल बसतो. यंत्राने किती कष्ट केले हे त्यात मोजले जात नाही, पडद्यावर काय आले ते मोजले जाते. १७ मिलिसेकंदांत बसत नव्हते ते बसू लागले, तर कामगिरी सुधारली.

सॉफ्टवेअर आणि यंत्र ही सीमाही तितकी पक्की नाही, हे लेखात कुठे तरी सांगावे. २०१७ च्या एक्सबॉक्स वन एक्समध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टथ्रीडी १२ च्या वारंवार लागणाऱ्या आज्ञा ग्राफिक्स चिपमध्येच कोरल्या. एक वस्तू रेखाटण्याच्या आज्ञेसाठी एरवी प्रोसेसरला हजारो सूचना पार पाडाव्या लागत, त्या ११ वर आल्या, असे कंपनीने सांगितले. काल जे सॉफ्टवेअर होते ते आज सिलिकॉन झाले. तिथे मात्र ‘क्षमता’ हा शब्द मी भांडून काढणार नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

‘रफू’ सुंदर आहे, पण त्यासाठी आधी भोक लागते. इथे कापड फाटलेले नाही, मुद्दाम विरळ विणलेले आहे. मी ‘चित्रपूर्ती’ला मत देतो. ‘ठिपका’ मात्र ठेवाच. ‘पिक्सेल’ सर्वांना कळतो, तरीही २० लाख ठिपके म्हटले की ते डोळ्यांसमोर येतात.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

संपादकांकडे पाठवलेले वाक्य असे: ‘डायरेक्टएक्स १२ मुळे आज्ञा देण्यातला वरखर्च कमी होऊन एक्सबॉक्स वनवर खेळ अधिक सुरळीत चालावेत, असा अंदाज २०१४ मध्ये व्यक्त होत होता.’ मथळ्यासाठी ते लांब आहे, असा निरोप आला. मथळ्यात ‘क्षमता’ पुन्हा येऊ नये म्हणून ‘तोच कन्सोल, कमी वरखर्च’ असे सुचवले. त्यावर आता ‘तो कन्सोल’ की ‘ते कन्सोल’, असे विचारले आहे.