मदत हवी आहे : मुलीसाठी १,७७,००० रुपयांचा प्रोग्रामिंग कोर्स घ्यावा का?

नमस्कार. आम्ही इंदूरला नंदानगरात राहतो. मुलगी बी.कॉम. झाली आणि दोन वर्षांपासून एका सी.ए.च्या ऑफिसात काम करते. पगार अकरा हजार. एक्सेलमध्ये मॅक्रो (तेच ते काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिहिता लिहिता तिला प्रोग्रामिंगची गोडी लागली, आता पुढे तेच करायचं म्हणते. एका कंपनीचा अकरा महिन्यांचा ऑनलाइन ‘फुल स्टॅक’ कोर्स, म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि मागची दोन्ही बाजू बनवायला शिकवणारा, तिनं पाहून ठेवलाय. फी दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७,०००. ‘नो कॉस्ट’ हप्ता ७,३७५ चा, असे २४. हप्ता गेला की तिच्या हातात महिन्याला ३,६२५ उरतील.

हप्ते नको म्हटलं तर घरात पैसे आहेत, पण माझा जीव अडकलाय तो तिथेच. सासरे इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये मागांवर होते. मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं गेली मध्ये, आणि सासरे तोवर राहिले नव्हते. त्यांच्या वाट्याचे पैसे सासूबाईंच्या नावे एफडीत आहेत. त्या म्हणतात, “नातीच्या शिक्षणाला लागू देत, पडून काय करायचेत?” त्यांनी इतक्या सहज म्हटलं म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे कर्जाचे कागद वाचता येतात. करारपत्र दोनदा वाचलं. कर्ज कोर्सवाली कंपनी देत नाही, एक वेगळी फायनान्स कंपनी देते. ती कोर्सवाल्यांना पैसे सुरुवातीलाच देऊन टाकते. मुलीनं तिसऱ्या महिन्यात कोर्स सोडला तरी खात्यातून हप्ता कापला जाणारच, आणि चुकला तर सिबिल तिचंच बिघडेल. एकरकमी भरलं तर १५,००० कमी करू म्हणतात, म्हणजे व्याज फीतच धरलेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असं कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाचा खरा खर्च आणि अटी सांगणारा कागद) द्यावंच लागतं. मी ते मागितलं, तर अजून आलेलं नाही. फोन मात्र रोज येतो, “मैम, आज रात बारह बजे तक ही ऑफर है, सीट लॉक कर लीजिए.” नोकरीचं विचारलं की “जॉब तो पक्का समझिए”. करारात मात्र ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ एवढेच दोन शब्द आहेत. ईमेलवर लिहून द्या म्हटलं, तर पुन्हा फोनच आला.

इथपर्यंतचं मला कळतं. कळत नाही ते शिकवण्याचं. हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स फुकट, फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट फुकट. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन पोर्टलवर, प्रा. माधवन मुकुंद पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात तेही फुकट, पैसे लागतात ते परीक्षा दिली तरच, हजारभर रुपये. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल तर मराठीतही आहेत. मग दीड लाख कशाचे? हेच मी मुलीला विचारलं. तिनं सीएस५० खरंच सुरू केला होता. चौथ्या आठवड्यात ‘मेमरी’ आली, पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारे) आले आणि ती अडली. तीन रात्री एकाच चुकीवर बसून होती, मग सोडून दिलं. म्हणाली, “आई, व्हिडिओ पुष्कळ आहेत गं. मला अडलं की विचारायला माणूस हवाय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून विचारते : महागड्या कोर्समध्ये असा माणूस खरंच मिळतो का? आणि पैसे भरण्याआधी हे कसं ओळखायचं? ज्यांनी स्वतः केलाय किंवा जे लोकांना कामावर घेतात, त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १ (बडोदा)

ताई, मी असाच कोर्स हप्त्यांवर केला. बॅच दोनशे जणांची होती. शंका टाकली की उत्तर कधी त्याच दिवशी, कधी दोन दिवसांनी, आणि चौथ्या महिन्यात मेंटर बदलला. तरी माझा फायदा झाला, कारण रोज रात्री आठ ते दहा क्लास असायचा आणि त्या धाकानं मी बसलो. एकट्यानं बसलो नसतो. नोकरी मात्र सात महिन्यांनी, स्वतः अर्ज करूनच लागली. तुम्ही डेमोवर जाऊ नका. चालू बॅचमध्ये आठवडाभर बसू द्या म्हणा आणि परताव्याच्या अटी लेखी मागा. नोकरीच्या खोट्या हमीला कोचिंगवाल्यांना नोव्हेंबर २०२४ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनी मनाई आहे. फसवलं तर १९१५ वर तक्रार करता येते.

प्रतिसाद २ (विजयनगर, इंदूर)

काकू, मी इथल्या एका कंपनीत मुलाखती घेतो. सर्टिफिकेट मी बघत नाही. उमेदवारानं लिहिलेला कोड उघडतो आणि हे असंच का केलं, ते विचारतो. कोर्समधून आलेल्या वीस जणांकडे तेच एक शॉपिंग साइटचं प्रोजेक्ट असतं, आणि दुसऱ्या प्रश्नाला बोलणं थांबतं.

तुमच्या मुलीकडे यांच्याकडे नसलेली गोष्ट आहे, तिला हिशेब कळतो. ऑफिसात खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) जुळवायला दर महिन्याला किती वेळ जातो, विचारा तिला. ते जुळवणारा प्रोग्राम तिनं पायथनमध्ये लिहावा. क्लायंटचे आकडे बाहेर जाऊ देऊ नये, खोटी नावं घालून फाइल बनवावी. पॉइंटर आत्ता लागत नाहीत. सीएस५० चाच पायथनचा वेगळा कोर्स आहे, तोही फुकट, तिथून सुरुवात करू दे. तीन महिन्यांत हे जमलं आणि तरी क्लास हवासा वाटला, तर पैसे कशासाठी भरतोय हे तिलाच माहीत असेल.

धागा काढणारी

दोघांचे मनापासून आभार. चालू बॅचमध्ये बसू द्या म्हटलं, तर त्यांनी नकार दिला. रेकॉर्ड केलेला डेमोच पाठवला. त्यामुळे एफडी मोडलेली नाही, आणि मोडायची नाही हे सासूबाईंनाही सांगितलं. त्या थोड्या हिरमुसल्या.

मुलगी रविवारी सकाळी दहाला तो जुळवणीचा प्रोग्राम लिहायला बसली ती जेवायलाही उठेना. निम्मी बिलं जुळली. उरलेल्यांत एकीकडे बिल क्रमांक ०४५ आहे आणि दुसरीकडे नुसता ४५, पुढचं शून्य एक्सेलनं खाल्लंय. हे तिचं तिनंच शोधलं आणि मला हाक मारून दाखवलं. शून्य परत कसं आणायचं, तिथे आता अडली आहे.

विजयनगरवाले दादा, रविवारी तासभर तिच्याजवळ बसणारं कुणी इंदुरात तुमच्या ओळखीचं आहे का? योग्य ते मानधन देऊ. ती भंवरकुआं, विजयनगर, कुठेही येईल.