हलणारा दात आणि आतली नस
वर एकांनी लिहिलंय की दात हलायला लागला म्हणजे आतली नस मेलीच, रूट कॅनलशिवाय इलाज नाही. हे सरसकट खरं नाही. दात कशामुळे हलतोय ते आधी बघायला हवं. हिरड्यांच्या जुन्या आजारात हाड झिजून दात हलतो, पण पल्प, म्हणजे आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, बहुतेकदा जिवंत असतो. संसर्ग मुळाच्या टोकापर्यंत पोचला की मात्र धोका.

मार लागून हललेल्या दाताचं वेगळं. रक्तवाहिन्या मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत जातात; दात जागचा सरकला की तिथेच ताणल्या जातात, तुटतातही. माझी मुलगी 8 वर्षांची असताना सायकलवरून पडली. नस जिवंत आहे का ते बघायला डॉक्टरांनी पुढच्या दाताला गार लावून पाहिलं तर तिला काहीच कळेना. मी फार घाबरले. डॉक्टर म्हणाल्या, थांबू या. मार लागल्यावर 3 महिने तरी ही तपासणी फसवू शकते, आणि या वयात मुळाचं टोक उघडं असल्याने रक्तपुरवठा परत सुरू होऊ शकतो. चौथ्या महिन्यात तिला गार लागलं! मोठ्यांमध्ये ही शक्यता बरीच कमी. हिरडीवर पुटकुळी आली किंवा दात काळवंडला तर वाट बघू नका, लगेच दाखवा.