मदत हवी आहे : .३०८ मध्ये तांब्याच्या गोळीचे हँडलोड (घरी भरलेली काडतुसे) निशाण्यावर नेमके बसत नाहीत

सिएराकाठ
नमस्कार. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी वापरता येत नाही, हे इथल्या मंडळींना माहीत आहेच. त्यामुळे .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या रायफलीसाठी १६८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) अखंड तांब्याची गोळी घेतली आहे. काडतुसे मी घरीच भरतो. गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेतील किमान वजनापासून सुरुवात करून दारू हळूहळू वाढवत नेली, नंतर दारूच बदलून पाहिली, तरी शंभर यार्डांवर ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, तीन इंचांच्या आत येत नाही. रानडुकराचा परवाना काढून ठेवला आहे आणि हाताशी फार दिवस नाहीत. कोणती दारू घ्यावी, एवढेच कृपया सांगावे. तयार काडतुसे का घेत नाही, हा प्रश्न नको.

मापनवेडा
दारूचे नाव सांगणे सोपे आहे, पण त्याने तुमचे काम होईल असे वाटत नाही. रायफल कोणती व किती जुनी? नळीचा ट्विस्ट किती, म्हणजे किती इंचांत एक पूर्ण फेरा? एका ग्रुपसाठी किती गोळ्या झाडता? दोन गोळ्यांच्या मध्ये नळी थंड होऊ देता का? आणि सर्वांत महत्त्वाचे, याच रायफलीतून दुसरी एखादी गोळी नीट बसते का?

डॅलसकर_तात्या
एवढी प्रश्नपत्रिका कशाला? सगळा खेळ गोळी काडतुसाच्या पुंगळीत किती खोल बसवली यावर असतो. तांब्याच्या गोळीला आट्यांपाशी (नळीतल्या पीळदार खाचांपाशी) पोहोचण्यापूर्वी मोकळी उडी लागते, आणि निदान ५० सहस्रांश इंच अंतर ठेवून सुरुवात करावी असे काही उत्पादक स्वतःच सांगतात. शिशाच्या गोळीची सवय असलेली माणसे ती आट्यांना चिकटवून बसवतात आणि मग दारूला दोष देतात. प्रत्येक वेळी दहा-दहा सहस्रांश इंच आत सरकवत जा आणि दाबाची चिन्हे तपासत राहा, ग्रुप आपोआप लहान होईल. माझ्या .२७० रायफलीत हेच झाले.

सिएराकाठ
तात्या, तेही करून झाले. काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनमुळे २.८१० इंचांपुढे नेताच येत नाही, त्यामुळे उडी आधीच भरपूर आहे. आणखी आत बसवल्यावर ग्रुप किंचित सुधारला, पण अडीच इंचांवरच अडला. मापनवेडा, एका ग्रुपला तीन गोळ्या. नळी थंड होऊ देतो. रायफल सेकंड-हँड आहे, बोल्ट ॲक्शन. दस्त्याचे आणि स्कोपचे स्क्रू दोनदा तपासले. मला फक्त दारूचा सल्ला हवा होता.

पाचवा_फैरा
तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून दोन दारूंची तुलना करणे मुळातच धोक्याचे आहे. तीच रायफल आणि तेच काडतूस असताना दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा मोठा येतो, म्हणजे तुम्हाला दिसणारी पाव-अर्ध्या इंचाची ‘सुधारणा’ निव्वळ योगायोगही असू शकते. तात्यांच्या .२७० लाही हेच लागू आहे, राग मानू नये.

डॅलसकर_तात्या
राग कसला? पण हरणावर दहा गोळ्या कोणी झाडत नाही. शिकारीच्या रायफलीची पहिली, थंड नळीतली गोळी कुठे जाते ते बघायचे असते. बाकी आकडेमोड स्पर्धावाल्यांनी करावी.

पाचवा_फैरा
पहिली गोळी कुठे जाते हे कळण्यासाठीसुद्धा अशा पहिल्या गोळ्या पुष्कळ दिवस एकाच कागदावर नोंदवाव्या लागतात. शेवटी तोही मोठा ग्रुपच झाला.

वेंगुर्लेकर
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असे. दारू, चिंधी, छर्रे, वरून गजाने ठासणे, एवढाच कारभार. डुकराला तीस पावलांच्या आत येऊ देत, त्यामुळे ग्रुप हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. एक विचारतो, घरी काडतुसे भरायला तिकडे परवाना लागत नाही का?

मापनवेडा
स्वतःच्या वापरासाठी भरण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरल्यास लागतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ यांमुळे सगळेच चित्र वेगळे आहे, त्यामुळे या धाग्यावरील कोणतीही गोष्ट तिकडे करून पाहण्यासारखी नाही. मूळ मुद्द्याकडे येतो. सिएराकाठ, दोन प्रश्नांची उत्तरे तुम्ही अजून दिलेली नाहीत : ट्विस्ट, आणि दुसऱ्या गोळीचा अनुभव.

सिएराकाठ
१५० ग्रेनची शिशाची गोळी रेंजवर याच रायफलीतून एक इंचाच्या आसपास बसते. म्हणूनच दारू चुकते आहे असे मला वाटते. ट्विस्ट नळीवर कोरलेला नाही.

गिधाडमित्र
विषयाला सोडून आहे, पण शिसे बंद का झाले तेही नव्या वाचकांना कळावे. शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण कॅलिफोर्नियाच्या काँडोर या गिधाडासारख्या पक्ष्यांच्या पोटात जात. १९८२ मध्ये ते अवघे २२ उरले होते. आपल्याकडे गिधाडांना डायक्लोफेनॅक नडले आणि जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तेव्हा तांब्याला नाके मुरडू नयेत.

मापनवेडा
नाक कोणी मुरडलेले नाही, पण तांब्याचा एक गुणधर्म इथे नडतो आहे असा माझा अंदाज आहे. १५० ग्रेनची शिशाची गोळी एक इंचात बसते याचा अर्थ स्कोप, दस्ता, नळीचे तोंड आणि झाडणारा माणूस, चौघेही ठीक आहेत. बदलली ती फक्त गोळी. तांब्याची घनता सुमारे ८.९ आणि शिशाची ११.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला आट्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. जुन्या .३०८ रायफलींत बऱ्याचदा १२ इंचांत एक फेरा असतो. ट्विस्ट असा मोजा : रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा, मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून नळीत ढकला, गजावर खूण करा आणि एक पूर्ण फेरा होईपर्यंत गज किती इंच आत गेला ते मोजा. सोबत गोळीची लांबी कॅलिपरने मोजून कळवा, आणि कागदावरची भोके गोल आहेत की लांबट, तेही नीट पाहा.

सिएराकाठ
गज १२ इंच जातो, किंचित इकडेतिकडे. गोळीची लांबी १.४ इंच. भोकांकडे एवढे निरखून पाहिले नव्हते. काही गोल आहेत, पण काही स्पष्ट लांबट आहेत आणि त्यांची एक कड काळपट दिसते.

मापनवेडा
मग हिशेब असा. गोळी स्थिर राहायला किती इंचांत एक फेरा हवा हे सांगणारे ग्रीनहिलचे १८७९ चे सूत्र आजच्या वेगांसाठी १८० हा स्थिरांक घेऊन वापरतात. व्यासाचा वर्ग गुणिले १८०, भागिले लांबी, म्हणजे तुमच्या गोळीसाठी सुमारे १२.२ इंच. तांबे हलके असल्याची दुरुस्ती केली की ११.० इंच उरतात. तुमची नळी १२ ची, म्हणजे पीळ कमी पडतो. लांबट भोकांचा अर्थ हाच की गोळी हवेत किंचित तिरकी होते आहे, आणि ते कोणत्याही दारूने सुटणारे नाही.

पाचवा_फैरा
एक आक्षेप. गोळीला प्लॅस्टिकचे टोक असेल तर १.४ इंचांत ते मोजले गेले आहे, पण त्याला जवळजवळ वजनच नसते. शिवाय ते सूत्र मुळात जुन्या, बोथट प्रक्षेप्यांसाठी होते. त्यामुळे हा निकाल गरजेपेक्षा कडक येतो. मिलरचे सूत्र वापरावे, त्यात हवेची घनताही येते. थंड, समुद्रसपाटीच्या रेंजवर डगमगणारी गोळी सिएराच्या उंचीवर कदाचित सावरेलही.

मापनवेडा
आक्षेप मान्य, म्हणूनच भोके विचारली. सूत्र काठावर बोट ठेवते, कागद निकाल देतो. आणि डुक्कर उंचावरच भेटेल अशी हमी कोण देणार?

डॅलसकर_तात्या
मी अजूनही म्हणतो, अजून वीस सहस्रांश आत बसवून पाहायला हरकत नाही.

मापनवेडा
तात्या, हरकत आहे. गोळी खोल गेली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. लांब तांब्याच्या गोळीने ती जागा आधीच खाल्लेली आहे. तिरकी गोळी सरळ होणार नाहीच, वर धोका वाढेल.

सिएराकाठ
म्हणजे नळी बदलायची? तेवढा वेळ आणि पैसा दोन्ही नाही.

मापनवेडा
नळी नको, गोळी आखूड घ्या. १३० ग्रेनची तांब्याची गोळी साधारण १.२ इंच असते, आणि त्याच हिशेबाने तिला १२.९ चा ट्विस्ट पुरतो. १५० ग्रेनची सुमारे १.३ इंच निघाली तर ११.९, म्हणजे पुन्हा काठावरच. दारूचे वजन मात्र जुन्या नोंदींवरून घेऊ नये, आणि त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीचेही नको. १३० च्या त्याच गोळीसाठी उत्पादकाने छापलेल्या किमान वजनापासून पुन्हा सुरुवात करावी. एका ग्रुपला निदान पाच गोळ्या झाडाव्यात. त्याआधी नळीतला जुना तांब्याचा थर धुऊन काढावा.

सिएराकाठ
१३० ग्रेन मोठ्या डुकराला पुरेल का? इथले जुने शिकारी १८० च्या खाली बोलत नाहीत.

पाचवा_फैरा
ते शिशाच्या काळातले गणित आहे. शिशाची गोळी हाडावर फुटून वजन गमावते, म्हणून सुरुवातीलाच जड घेत. अखंड तांब्याची गोळी फुलते, पण बहुतेक वजन टिकवते आणि आरपार जाते. फुलण्यासाठी तिला वेग लागतो, आणि हलकी गोळी तुम्हाला तोच देते. फक्त लांबून झाडायचा मोह टाळा; उत्पादक फुलण्यासाठीचा किमान वेग छापतो, तो तुमच्या क्रोनोग्राफच्या (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्याशी ताडून अंतराची मर्यादा आधीच ठरवा.

सिएराकाठ
१३० ची एक पेटी मागवली आहे. ट्विस्टची शहानिशा मिलरच्या सूत्रानेही करतो आणि पाच-पाच गोळ्यांचे कागद इथेच टाकतो. तात्या, उडी तुम्ही सांगितलेल्या ५० सहस्रांशापासूनच सुरू करतो.