उष्णता मिळाली, मग न्यूट्रॉन कुठे गेले?

शीत संमीलन, म्हणजे साध्या तापमानालाच अणूंची केंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवणं, हे संशोधन 'दडपलं गेलं' असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. मार्च १९८९ मध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत युटाहमध्ये चक्क पत्रकार परिषद घेऊन हे जमल्याचा, जास्तीची उष्णता मिळाल्याचा दावा केला. मग जगभर लोक जड पाण्यात पॅलेडियम धातूची कांडी बुडवून बसले, आपलं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) सुद्धा. खरी गोची न्यूट्रॉनची. ड्यूटेरियमची (जड पाण्यातल्या जड हायड्रोजनची) दोन केंद्रकं जुळली की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन सुटतो. एक वॅट उष्णता म्हणजे सेकंदाला जवळपास लाख कोटी न्यूट्रॉन; शेजारी उभा माणूस वाचायचा नाही. फ्लाइशमन आणि पॉन्स तर ठणठणीत! धातूच्या जाळीत वेगळीच प्रक्रिया होते, असं समर्थक म्हणतात. असेलही, पण मग त्यातून तयार होणारा हेलियम आणि मिळालेली उष्णता यांचा हिशेब दुसऱ्या प्रयोगशाळेतही जुळवून दाखवा. गूगलच्या पैशावर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही काही हाती लागलं नाही.